शांताक्काच्या घरचं पाणी

गाडी हलली आणि मी खिडकीला असं तोंड लावलं की नाकाला काजळीच लागली. हसू नका! पोखर्णीपासून परभणीपर्यंत बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली की आगगाडी तुमालाबी पालखीच वाटंल. मी चौदा वर्षांची, आणि हैद्राबाद अजून बघितलंच न्हवतं. निजामाच्या राज्यात राहायचं आणि त्याचं शहर बघायचं न्हाई, मंजे जत्रंला जाऊन देवाला न भेटता घरी यायचं!

आमी दोघंच निघालो होतो, आण्णा (माझे वडील) आणि मी. माझी थोरली बहीण शांताक्का हैद्राबादेत दिलेली. दाजी तिथं सरकारी कचेरीत कारकून हायेत. सरकारात सुट्टी जुम्म्याला, मंजे शुक्रवारी. म्हणून बेस्तरवारी (गुरुवारी) सांजच्याला निघायचं, जुम्मा आणि शनिवार अक्काकडं काढायचा आणि परत यायचं, असं ठरलं. आईला यायचं होतं, पण गुरंढोरं, दूधदुभतं कोण बघणार?

खरं सांगू का, आमी काय नुसतं शहर बघायला निघालो न्हवतो. अक्काच्या लग्नाला चार वर्षं झाली. पहिल्या दोन पंचमीला ती माहेरी आली, झोके घेतले, लाह्या खाल्ल्या. पुढच्या दोन पंचमीला आलीच न्हाई. पत्रात एकच ओळ, "सवड न्हाई." आईच्या जिवाला घोर लागला. निघताना तिनं आण्णांना बजावलं, "ती कामून येत न्हाई, तेवढं विचारून या. उगं इकडचं तिकडचं बोलून परत येऊ नगा."

सामान काय, तर एक गाठोडं. त्यात धपाटे, भाकरी, शेंगाची चटणी. आणि आण्णांच्या मांडीवर फिरकीचा पितळी तांब्या, आमच्या विहिरीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला. आमच्यात रीत हाय, लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं न्हाई. बहिणीला मात्र सूट! मी तर दोन दिवस आधीपासून कमी जेवायलते.

पूर्णेला गाडी लय वेळ थांबली. समोर एक नांदेडचे शेटजी येऊन बसले. तांब्याकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, हैद्राबादेत पाणी सरलं का काय?"

आण्णा म्हणाले, "हाय की. पण ते लेकीचं हाय."

शेटजींनी मान हलवली आणि लगेच आपलं पान लावायला घेतलं. त्यांना तेवढ्यात सगळं समजलं. मला मात्र शेटजींच्या घोरण्यानं झोप लागंना.

सकाळी काचीगुडा आलं. बाहेर येऊन मागं वळून बघते तर काय, डोक्यावर घुमट, कमानी, सगळं पांढरंशुभ्र! मी तर तोंडच उघडं टाकलं. आणि आण्णा? आण्णा पायताण काढून हात जोडायलते! तेवढ्यात शेरवानी घातलेले दाजी पळत आले. "आण्णा, आण्णा, टेसन हाय ते!" आण्णांनी शांतपणे पायताण घातलं आणि म्हणाले, "एवढा खर्च टेसनावर केला, तर देवाला काय ठेवलं?"

टांग्यानं सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत गेलो. गल्लीच्या तोंडाला नळ, त्याच्यापुढं घागरींची रांग, आणि तिसऱ्या दारात आमची अक्का! मी टांगा थांबायच्या आधीच उडी मारली. ती मला धरून गरागरा फिरली. जरा भरली होती अंगानं. बोलणंबी बदललं होतं, "हौ" म्हणायची आणि "नक्को" म्हणायची. मी तिला तिथंच चिडवलं.

तिनं पायावर पाणी घातलं. ते चालतं. मग गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला आण्णांपुढं धरला. आण्णांनी हात जोडले, "हाय माझ्याजवळ." आणि फिरकी उघडून तांब्यातलं घोटभर प्याले. अक्का पेला घेऊन आत गेली.

जेवायला काय काय होतं म्हणून सांगू! खट्टी दाळ (चिंचेची आंबट डाळ, तिच्या वासानंच भूक लागती), फोडणीचा बगारा भात, वर डबल का मीठा (तुपात तळून पाकात घातलेला पाव). अक्कानं तीन ताटं वाढली होती. आण्णांनी भिंतीकडंला बसून गाठोडं सोडलं. त्यांचं ताट अक्कानं उचललं, वर झाकण घातलं आणि फळीवर ठेवलं. मी त्यातला मीठा नंतर खाल्ला, पण माझा घास जरा जड झाला, हे खरं.

आण्णांनी विचारलंच, "शांते, पंचमीला कामून येत न्हाईस गं? आई लय वाट बघती."

"सवड न्हाई हो आण्णा." तिनं वर बघितलं न्हाई.

मग दाजी आमाला शहर दाखवायला घेऊन निघाले, आण्णांच्या काखेत तांब्या होताच. दुमजली बस! घरावर घर ठेवून ते पळवायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं असंल? मी वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर बसले. नया पूल आला, खाली मुसी नदी, जराशीच. चारमिनार तर एवढा उंच की बघताना माझी वेणी कमरेखाली गेली. आण्णांनी त्याला एक चक्कर मारली, दगडावर थाप मारली आणि म्हणाले, "एवढ्या दगडात पोखर्णीला दहा विहिरी बांधून झाल्या असत्या." लाड बाजारात मी चुड्या बघत इतका वेळ उभी राहिले की दुकानदारच म्हणाला, "अम्माजी, दुकानइच ले जाओ." शेवटी दाजींनी मला कागदात बांधून चुड्या घेऊन दिल्या.

घोटाळा परतीच्या बसमध्ये झाला. वरून उतरताना जिन्यावर आण्णांचा पाय अडकला. आण्णा सावरले, तांब्या न्हाई सावरला. ठण, ठण, ठण करत सगळ्या पायऱ्या उतरला, फिरकी निघाली आणि सगळं पाणी कंडक्टरच्या बुटावर! मी हसून हसून खाली बसले. आण्णा मात्र त्या ओल्या पायऱ्यांकडं बघत राहिले, जणू बियाण्याचं पोतंच फाटलं.

ऊन मरणाचं. घरी येईस्तोवर आण्णांचे ओठ पांढरे पडले होते. अक्का पेला घेऊन दारातच उभी. "आता तर घ्या." "नगं." "ताक देऊ?" "नगं मनलं ना." आणि आण्णा उठले, सरळ गल्लीच्या तोंडाशी गेले आणि नळाखाली ओंजळ धरली.

नळावर समोरच्या घरातली खाला (मावशी) घागर भरायलती. म्हातारी, पण आवाज असा की तिसऱ्या गल्लीत जाईल. तिनं कपाळावर हात मारला.

"ऐ शांता! तेरे बावा नल पे पानी पीरैं गे! घर में एक कटोरा नै क्या? कैसी बेटी है तू?"

दारंखिडक्या उघडल्या. बायका बाहेर आल्या. अक्का दारात तशीच, हातात पेला. आण्णा गडबडले. खालाला आपल्या हिंदीत सांगायला लागले, "ऐसा हाय खाला, लेकी को जबतक लेकरू न्हाई..."

"आण्णा!" अक्का ओरडली. मी तिला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं न्हवतं. "घरात चला."

घरात आल्यावर तिनं दार लावलं. आवाज एकदम बारीक झाला.

"पंचमीला कामून येत न्हाई, विचारत होताव ना? गावात पाय ठेवला की जी ती आधी पोटाकडं बघती, मग तोंडाकडं. वेशीपासून घरापर्यंत एकच सवाल. म्हणून येत न्हाई. इथं कुणी विचारत न्हवतं आण्णा. ही खालासुदिक विचारत न्हाई. आता तुमी येऊन सगळ्या गल्लीला सांगायलाव."

दाजी खिडकीबाहेर बघायला लागले. मी चुड्यांचा कागद चुरगळत बसले.

ती पुढं म्हणाली, "आणि लेकरू झालंच न्हाई तर? मग जन्मभर तुमी माझ्या दारात तहानलेलंच बसणार का?"

आण्णांनी उपरण्यानं मिशा पुसल्या. परत पुसल्या. मला वाटलं, आता उठून टेसनावर जातेत.

"शांते," ते म्हणाले, "तांब्या भर."

"नळावरून आणू?"

"तुझ्या माठातलं."

तिनं भरून आणला. आण्णांनी डोळे मिटले आणि घटाघटा प्याले. गळ्याचा घाटा वरखाली व्हायलता, अक्का तिथंच उभी राहून बघायलती. तांब्या रिकामा झाला. "आजून आण," म्हणाले. दुसराबी संपवला.

दाराच्या फटीत खालाचं नाक. "देखो, पानी पिये तो आसमान गिरा क्या?"

"जागा पे हाय खाला," आण्णा म्हणाले, "अब भूक लगी."

फळीवरचं ताट अक्कानं खाली घेतलं. मीठा मी खाल्लेला होता, त्यावरून माझे कान ओढले गेले ते गेलेच.

शनिवारी आमी काहीच बघितलं न्हाई. अक्कानं पहाटे चूल पेटवली ती दुपारपर्यंत विझू दिली न्हाई, आणि आण्णा चुलीपुढं बसून खात राहिले. काचीगुड्यावर गाडी सुटताना ते खिडकीतून म्हणाले, "पंचमीला तू येऊ नगस. मी येतो. लाह्या घेऊन येतो." अक्का एकाच वेळी रडली आणि हसली, तिला लहानपणापासून ती सवय हाय.

सगळ्या रस्त्यानं मला एकच भीती, आई काय म्हणंल? मी तर चारमिनार, बस, चुड्या सगळं एका दमात सांगून विषय दुसरीकडं न्यायला बघितलं. पण आण्णांनी मला थांबवलं आणि आईला सगळं खरं सांगितलं. अक्का का येत न्हाई ते, आणि आपण पाणी प्यालो, जेवलो तेबी.

आईनं हातातलं काम खाली ठेवलं. मला तेवढ्यात कळलं की आमच्या घरात रीत पाळत सगळेच होते, पण ती कुणाला टोचती ते कुणी बघितलंच न्हवतं.

मग आईनं पदर खोचला.

"पंचमीला मीबी येते," ती म्हणाली. "तहान काय एकट्या बापालाच लागती का?"