गोधडीचं पोट

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील पेपर मिलमध्ये, युनियनचे. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. 'निषेध' मला 'कमळ'च्या आधी लिहिता यायचं. बारावीत अंधश्रद्धेविरुद्ध पहिलं पत्रक मीच लिहिलं आणि आमच्या राजपुरा मोहल्ल्यात दारोदार वाटलं. शेजारच्या काकूंनाही दिलं. तेव्हापासून त्या मला 'पत्रकवाली' म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडूनच मी त्यांच्या सासूबाईंची गोधडी मागून आणली. छत्तीस चौकोन, प्रत्येकात वेगळी नक्षी: केळीचं पान, जातं, विहीर, मोराचा पाय. फोपनार गावच्या त्या सासूबाईंनी कित्येक हिवाळे तिच्यात घातले होते. मला तिच्यावरून एक सोपी गोधडी करायची होती. नऊच चौकोन, सगळा सरळ धावदोरा. आमच्या रविवारच्या गटातल्या, कधी सुई न धरलेल्या पोरींनाही जमली पाहिजे. अवघड म्हणून एखादी कला चार जणींपुरतीच राहावी, हे मला मान्य नाही.

पण केळीच्या पानाच्या शिरा सोप्या करायच्या तर आतून दोरा कसा वळवलाय ते कळायला हवं होतं. पान कोपऱ्यातच होतं. मी कात्रीने तिथले चार टाके उसवले. कोपरा एकदम सैल पडला आणि फरशीवर सांडली चिमूटभर ज्वारी. किडलेली, निम्मी पिठासारखी.

काय सांडलं ते मला लगेच कळलं. गोधडी बंद करण्याआधी आमच्याकडच्या बायका शेवटच्या कोपऱ्यात धान्य घालतात. ते तिचं पोट. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला खाते, म्हणतात. ही गोधडी शेजारचे काका पांघरायचे. आणि काकांना त्याच सकाळी सात वाजता इंदूरला हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. आता पावणेअकरा झाले होते.

मी मुद्दाम हसून पाहिलं. आवाज घोगरा निघाला. काकांचं हृदय इंदूरला, ज्वारी इथे, मी स्वतःला बजावलं. तरीही मी गुडघ्यांवर बसून दाणे वेचायला लागले, श्वास रोखून, उडून जाऊ नयेत म्हणून. पीठ फरशीच्या सांध्यांत गेलं होतं. ते नखाने उकरलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "डब्यातली ज्वारी घाल, शीव आणि देऊन टाक. कोणाला कळतंय?"

तेच मला जमणार नव्हतं. आजवर लोकांना खरं बोला म्हणून ओरडत आले होते. पण भीती त्याहून मोठी होती. काकांचं काही बरंवाईट झालं तर मीही या कोपऱ्याकडेच बोट दाखवेन, हे मला कळून चुकलं होतं.

मी गोधडी उचलून शेजारी गेले. मुलगा इंदूरला काकांजवळ होता आणि काकू फोन समोर ठेवून खुर्चीत बसल्या होत्या.

"काकू, गोधडीचं पोट उसवलं मी. धान्य सांडलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. "आज? आजच सुचलं तुला?"

"चुकलं माझं."

"असं काही नसतं म्हणून तूच लिहिलं होतंस ना गं, पत्रकवाली?"

"हो."

"मग रडते कशाला?"

मी रडतेय हे मला ठाऊकच नव्हतं.

गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या, आतून मूठभर ज्वारी आणली. "भर. माझे हात कापतात. आणि दोरा डबल घे, फालतू नको शिवू."

तिसऱ्या खेपेला दोरा सुईत गेला. ज्वारी भरली, कोपरा दुमडला, टाके घालायला लागले. चौथ्या टाक्याला फोन वाजला. काकूंनी हात लावला नाही.

"तू उचल. पण पहले टाका पुरा कर."

फोन वाजत राहिला. मी टाका ओढला. एवढ्यावर थांबता आलं असतं. मी गाठ मारली. ती सुटली, म्हणून पुन्हा मारली. मग फोन उचलला.

"ऑपरेशन झालं," त्यांचा मुलगा म्हणाला. "बाबा ठीक आहेत. आईला दे."

काकू फोनवर रडत बोलत होत्या आणि दुसऱ्या हाताने तो कोपरा चाचपून बघत होत्या, टाके नीट बसलेत का. मीही वाकून तेच बघत होते.