मुलुंडची गाडी आणि एक झाकण तेल जास्त

परवा जेवताना भाची म्हणाली, "मावशी, ट्रॅकवर शिकायला पहिली बाइक कोणती घेऊ? स्वस्तातली सांग." तिच्या फोनवर चाळीस गाड्यांची यादी उघडी होती आणि वरण गार होत होतं. आमच्या वेळी यादी नव्हती, बाबल्या होता. अठ्ठ्याऐंशी साली दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी त्याच्या स्कूटरच्या मागे बसून मी उपनगरं पालथी घातली, ती गोष्ट तिला सांगितली. तुमच्यापैकीही बरेच जण हेच विचारता, म्हणून इथे लिहून टाकते.

तेव्हा मी तेवीस वर्षांची, अंधेरीत टायपिस्ट, राहायला दिंडोशीला. बाबल्या माझा मावसभाऊ, मूळचा मालवणकडचा. मरोळच्या औद्योगिक वसाहतीबाहेर त्याचं गॅरेज होतं. दुरुस्त झालेल्या गाड्या 'ट्रायल' म्हणून आरेच्या रस्त्यावर पळवून मी शिकले. त्याच्या गिऱ्हाइकांना हे आज कळत असेल तर माफी असावी.

दक्षिणेत विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर नवशिक्यांची शर्यत होती. फॉर्मवर बाई की पुरुष असा रकानाच नव्हता, म्हणजे मला कोणी अडवणार नव्हतं. पण गाडीचा इंजिन नंबर लिहायचा होता आणि फॉर्म सोमवारच्या टपालात पडायलाच हवा होता. जवळ होते आठ हजार. रविवार संध्याकाळपर्यंत गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पुढचं वर्षभर फक्त टाइपरायटर. आई म्हणाली, "शिलाई मशीन घे, तेही पळतं."

शनिवारी हाफ-डे झाल्यावर आधी बोरिवली. पेट्रोल साडेआठ रुपये लिटर, दीड लिटर भरलं, पैसे मी दिले. (कुठल्याच गाडीच्या कंपनीचं नाव घेत नाही. त्यांनी मला तेव्हा काही दिलं नाही, आता काय देणार.) स्टेशनजवळच्या चाळीत एक साडेतीनशे सीसीचं धूड उभं होतं, दोन सायलेन्सर, आवाज असा की समोरच्या खिडकीतली तान्ही मुलगी रडायला लागली. मी तिथेच प्रेमात पडले. किक मारली तर किकने मलाच उलटं फेकलं. पोटरी काळीनिळी. मालक हसून म्हणाला, "ताई, तुम्ही लुना बघा ना."

बाबल्याने मला वडापाव खायला घालून शांत केलं. म्हणाला, "गो बाय, पहिली गाडी हलकी व्हयी. पडल्यावर तुझी तुका उचलता येवक व्हयी. आणि पार्ट खंयच्याही गल्लीत गावाक व्हये." लिहून घ्या: हलकी, आपली आपल्याला उचलता येणारी, सुटे भाग कुठल्याही गल्लीत मिळणारी. इतक्या वर्षांत याहून शहाणा सल्ला मला कुणी दिलेला नाही.

रविवारी सकाळी मी आरेतून मरोळला पोचले, तिथून बाबल्याबरोबर साकीनाका, आणि कुर्ल्याला आग्रा रोड पकडून घाटकोपर. साकीनाक्याला खड्डे इतके की पाठीचा मणका न् मणका मोजून झाला. घाटकोपरच्या एजंटकडे शंभर सीसीची लालभडक गाडी होती, नव्यासारखी, सात हजार. मी पाकिटाला हात घातला. बाबल्याने खिशातून लोहचुंबक काढून टाकीला लावलं. ते घसरत खाली आलं. रंगाखाली पत्रा कमी आणि पोचे बुजवायची लांबीच जास्त.

"टाकीला काय झालं होतं?" मी विचारलं.

"काही नाही. थोडी टेकली होती," एजंट म्हणाला.

"कशाक? ट्रकाक?" बाबल्याने विचारलं, आणि आम्ही निघालो. दुकानाबाहेर फाफडा मात्र झकास मिळाला, तेवढ्यासाठी घाटकोपरला जायला हरकत नाही.

मुलुंडला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले होते आणि माझं तोंड एवढंसं झालं होतं. बाबल्याला ठाऊक असलेला शेवटचा पत्ता होता कुणा लेलेकाकांचा. विम्याच्या कचेरीत होते, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. जिन्याखाली त्यांची शंभर सीसीची गाडी काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेली. सीटवरचं प्लास्टिक तीन वर्षांनंतरही शाबूत, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. मला वाटलं, मिळाली.

चालवून बघितली आणि जीवच गेला. चाळिशीच्या पुढे जाईना. मागे धूर असा की गल्लीत मच्छर मारायची गाडी आली म्हणून पोरं धावली.

"मी खोटं बोलणार नाही," काका म्हणाले. "इंजिन थकलंय. पण माझ्याकडून हयगय नाही हो. चाळीसच्या वर कधी नेली नाही. आणि पंपावर पेट्रोलमध्ये तेल घालतात ना, त्यावर मी घरी आणखी एक झाकण घालतो. पोळीला तूप लावतोच की आपण. सहा हजारांत न्या. मुलगी चालवणार म्हणून देतोय. मुलगे आले होते चार, सगळ्यांना परत पाठवलं. मेले रेस लावतात."

बाबल्याने मला कोपऱ्यात ओढलं. त्याचे डोळे चमकत होते. "इंजिन सोन्यासारखा आसा. जास्तीचा तेल जळान काजळी धरली, सायलेन्सर चोंदलो. हळू चालवल्यान ना, म्हणान. तासाभराचा काम. काय्येक बोलू नको, सहा हजाराक गप घे."

मी गप्पच बसणार होते, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. वर जाऊन काकूंच्या हातचे पोहे खाल्ले, पैसे काढले, आणि म्हटलं, इंजिन नंबर हवाय, एका फॉर्मवर लिहायचाय. काकांनी चष्मा लावला, शाईचं पेन उघडलं. "आणा तो फॉर्म. माझं अक्षर चांगलं आहे."

फॉर्म घरी राहिला म्हणता आलं असतं. नंबर हातावर लिहून घेता आला असता. पण त्या माणसाने पेनाचं टोक आधी फडक्याला पुसलं, आणि मला स्वतःची लाज वाटली. मी फॉर्म पुढे केला. बाबल्या पुटपुटला, "लागली वाट."

काकांनी अथपासून इतिपर्यंत वाचला. मग मी उरलेलंही सांगून टाकलं: गाडी थकलेली नाही, तुमच्या तुपाने तिचा गळा धरलाय, साफ केली तर सहाऐवजी आठ-नऊ हजार सहज येतील.

"सिद्ध करा," काका म्हणाले. त्यांना ते चांगलंच लागलं होतं.

बाबल्याने अंगणात सायलेन्सर उतरवला, आतली नळी रॉकेलच्या बोळ्याने पेटवली, ठोकली. खरवडीसारखी काजळी ढलप्या ढलप्यांनी पडली. सगळी सोसायटी गॅलरीत. एक आजी म्हणाल्या, "लेल्यांनी होळी आत्ताच केली?"

गाडी जोडून झाल्यावर मी पुढे झाले, तर काकांनी किल्ली आधीच घेतली होती. "आधी मी," म्हणाले, आणि द्रुतगती मार्गाच्या दिशेने गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काकू तीनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. पाचव्यांदा घड्याळ बघत मी हिशेब घातला की टपाल, शर्यत आणि लेलेकाका, तिन्ही गेले.

ते आले तेव्हा डोक्यावर आडवे बसवलेले केस उभे होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्याने असेल. गाडी स्टँडला लावून म्हणाले, "पासष्ट." मग काकूंकडे बघत, "तीन वर्षं हिला नुसतं खायला घातलं गं. खेळायला सोडलंच नाही." आणि मला म्हणाले, "गाडी विकायची नाही."

मी मान डोलावली. पाकीट आत ठेवलं, बाबल्याची स्कूटर कुठे आहे ते बघायला लागले.

"निघालात कुठे? फॉर्म माझ्याकडे आहे ना." काका जिन्याच्या पायरीवर बसले आणि मांडीवर फॉर्म घेऊन लिहू लागले. फॉर्मवर दोन रकाने होते, ते मी आधी नीट वाचलेच नव्हते. 'मालक' पुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. 'चालवणार' पुढे माझं. अक्षर खरंच चांगलं होतं.

निघताना त्यांनी खिशातून तेलाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. "हे तू ठेव. घरात राहिलं तर माझा हात जाईल."

शर्यतीत मी बावीस जणांत चौदावी आले. एकदा पडले, आणि माझी गाडी माझी मी उचलली. आठ हजारांतून हेल्मेट, जाकीट, रेल्वेने गाडी नेण्याचं भाडं, काकांचं तिकीट असं सगळं बसलं. परतल्यावर आईने विचारलं, "गाडी कुठे आहे?" मी म्हटलं, मुलुंडला, तिच्या घरी.

भाचीला हे सांगून झाल्यावर मी शिवणाचा डबा उघडला. झाकण बटणांखाली होतं, थोडं गंजलेलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "याने मोजायचं का तेल?"

"नाही गं," मी म्हटलं. "हे मोजून झाल्यावरच्या जास्तीचं आहे."