तळहाताखालचं वाक्य

कॉलेजच्या वाचनालयात माझ्यासमोर बसलेली विद्यार्थिनी मघापासून एकच वाक्य लिहीत होती आणि खोडत होती. तिच्या निबंधाचा विषय होता गावाजवळचं धरण. ‘सुरुवातीलाच आपलं म्हणणं एका ठाम वाक्यात मांडा, पुढची सगळी पानं त्याच्या पाठीशी उभी करा,’ असं मीच वर्गात सांगितलं होतं.

तिनं कागद पुढे केला. ‘धरणाचे जसे फायदे आहेत, तसेच तोटेही आहेत.’

“हे तर कुणीही म्हणेल. तुला काय वाटतं?”

“पण मॅडम, ते चुकलं तर?”

शाळेपासून आपण ‘शाप की वरदान’ लिहीत आलो. अर्धं पान शाप, अर्धं पान वरदान, आणि शेवटी सगळं माणसाच्या हातात आहे म्हणून मोकळं व्हायचं. मार्क जात नाहीत, कुणी दुखावत नाही. पुढे घरात, चारचौघांत, मीटिंगमध्येही तेवढ्यावर भागतं. ठाम वाक्य लिहायचं म्हणजे उघड्या माळावर एकट्यानं उभं राहायचं. वारा कुठूनही येतो.

तिनं पुन्हा लिहिलं. ‘आमच्या गावाजवळचं धरण आमच्या गावासाठी बांधलेलंच नाही.’ या वेळी खोडलं नाही, पण लगेच त्यावर तळहात ठेवला.

“तुम्हाला पटतंय ना, मॅडम?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “तसं बघायला गेलं तर, दोन्ही बाजूंनी...”

तिनं हात बाजूला घेतला आणि खोडायला पेन उचललं.