उजव्या हाताला तळं

पवई तलावाच्या काठी गावठाणात एक आंटी राहते. तिच्यामुळे मला त्या वर्षी शिमग्याला घरी जाता आलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत माझ्या धावण्याची असली तरी त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सातवीत शाळा सोडून, कोकणातलं घर सोडून मी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागलो होतो. गावठाणातल्या मंडळाने तलावाभोवती धावण्याची शर्यत ठेवली: थोडा डांबरी रस्ता, बाकी झाडीतली पायवाट. आमच्या शेठनी वर्गणी दिली होती, म्हणून वर्कशॉपचं नाव छातीवर रंगवलेलं एक बनियन शर्यतीत पळायला हवं होतं. ते नेमकं माझ्या मापाचं निघालं.

"फेरी पुरी कर, शिमग्याची सुट्टी घे," शेठ म्हणाले. "नाहीतर मशीन आहे आणि तू आहेस."

शिमग्याला गावची पालखी आमच्या दारात येते, ती मला चुकवायची नव्हती.

शिट्टी वाजली तेव्हा मी उसन्या बुटांत चिंध्या कोंबत होतो. मान वर केली तर सगळे वळणाआड गेलेले, कुठल्या बाजूला ते दिसलंच नाही. मी तलावाला नमस्कार केला आणि गावच्या देवळाला घालतो तशी, पाणी उजव्या हाताला ठेवून, फेरी सुरू केली.

बराच वेळ एकटाच होतो. वाटलं, आपण फारच मागे पडलो. मग समोरून सगळी शर्यत अंगावर आली.

"ए, घरी काय विसरलास काय?"

"अरे, हा प्रदक्षिणा घालतोय रे."

पुढे पायवाटेवर आंटी उभी होती. अर्धी फेरी झाल्याची खूण म्हणून ती प्रत्येकाच्या मनगटावर कपड्यांच्या निळीचा ठिपका लावत होती.

"उलटा आलास रे बाबा."

"परत जाऊ?" मी रडायचाच बाकी होतो.

"जाऊन काय करशील? हात दे इकडे."

शेवटाला मी पोचलो तो भलत्याच बाजूने. मंडळाचे शिट्टीवाले सेक्रेटरी म्हणाले, "बाद." शेठचा चेहरा पडला. मी मनातल्या मनात पालखीची माफी मागून घेतली.

तेवढ्यात आंटी निळे हात पुसत आली. "तळं एकच आहे ना? वळसा पुरा घातला ना त्यानं? ठिपका मीच लावलाय." मग शेठकडे वळली. "आणि तुमचं नाव छातीवर. हा सगळ्यांच्या मागून पळाला असता तर कोणी वाचलं असतं? आज एकेकानं समोरून वाचलंय."

शेठनी बनियनकडे नीट पाहिलं. सेक्रेटरींनी मला शेवटचा नंबर दिला. अजून दोघं यायचे होते, पण मी वाद घातला नाही.

"पुढल्या वर्षी पाठीवर पण रंगवू," शेठ म्हणाले. "जा गावाला."

घरी आईनं विचारलं, "पहिलो इलंस काय रे?" म्हटलं, सगळ्यांना भेटून आलो.

आंटी मला पुढे काही वर्षांनी म्हणाली, "दरवेळी ठिपके लावत एका जागी उभी राहिले, तळ्याला पुरी फेरी माझी कधी झालीच नाही." आता तिचे गुडघे दुखतात. एक दिवस मी तिला फिरवून आणणार आहे, रस्त्यावर रिक्षातून, पायवाटेवर हाताला धरून. कुठल्या बाजूने जायचं ते तिनं सांगावं.