फोनला हात न लावणारी अक्का

जे लिहायला बसले आहे ते माझ्या तोंडून कधी निघालेलं नाही. मालकांना माहीत नाही, लेकरांना माहीत नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा बाकीच्या चुका सांगितल्या आणि ही तेवढी गिळली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. लिहायची सवय नाही, तेव्हा मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आधी शोभाचं सांगते. शोभा माझी धाकटी बहीण, दहा वर्षांनी लहान. ती झाली त्या साली मी चौथी पास झाले. आई रानात जायची, मग तान्ह्या पोरीला कोण बघणार? पाचवीत माझं नाव घातलं नाही. शोभाला कडेवर घेऊन मी शाळेच्या मागल्या भिंतीला उभी राहायची. आत पाढे चालायचे. ती रडायला लागली की तिथूनही निघावं लागायचं. तेव्हा मला तिचा राग यायचा का? नाही, खरंच नाही. राग पुढं आला, ती शिकत गेली तसा. आणि त्याला राग तरी कसं म्हणू — तिनं माझं काय वाईट केलं होतं? हेवा म्हणतात त्याला. लिहिला एकदाचा शब्द.

शोभानं औरंगाबादला कॉम्प्युटरचा कोर्स केला. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात ती आमच्याकडं गंगाखेडला राहायला आली, सोबत पुण्याच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं यंत्र घेऊन. आमचं खताचं दुकान मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, घर दुकानाच्या मागं. दुकानात फोन होता आणि त्याच तारेवरचा दुसरा फोन घरात, स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात. त्या फोनसाठीच ती आमच्याकडं आली होती.

पुण्यात एक कॉम्प्युटर फोनला जोडून ठेवला होता, त्याला ते बुलेटिन बोर्ड म्हणायचे. तिनं मला समजावलं, "अक्का, चावडीवर फळा असतोय ना, तसा. फक्त फोनवरून लिहायचा आन फोनवरूनच वाचायचा." मोंढ्यात तूर, ज्वारी, करडईला काय भाव निघाला ते तिनं रोज दुपारी तीनच्या आत त्या फळ्यावर चढवायचं. पंधरा दिवस जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं तर यंत्र परत. आणि यंत्र परत गेलं तर बोरीचं स्थळ — आमच्या वडलांनी, बापूंनी, बोलणं करूनच ठेवलं होतं. नोकरी लागली तर दोन वर्षं लग्नाचा विषय काढणार नाही, असा त्यांनी तिला शब्द दिला होता. हे सगळं मला माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा — मला माहीत होतं.

यंत्र माजघरात मांडलं, फोनची तार तिथवर ओढली. यंत्र आणि तार यांच्या मधे एक चपटी डबी होती, मोडेम म्हणतात ती. पुढं तांबडे दिवे. पहिले तीन दिवस ती डबी काही केल्या लागेना. आमच्या गावचा फोन चकती फिरवायचा आणि डबी शहरातल्या बटणाच्या फोनसारखे सूर काढायची; एक्स्चेंजला ते समजायचंच नाही. शोभानं हे कुणाला न विचारता शोधून काढलं. डबीला द्यायच्या हुकुमातलं एक अक्षर बदललं, तशी डबी चकतीसारखी टकटक करत नंबर फिरवायला लागली. मग किरकिर, मग गिरणीचा पट्टा घसरावा तशी शिट्टी, आणि काचेवर अक्षरं आपोआप उमटायला लागली.

"अक्का, लागलं. पुण्याला लागलं बघ," म्हणत तिनं पिठाच्या हातासकट मला मिठी मारली.

मालक दुकानातून पळत आले. म्हणाले, "मेव्हणीबाई, चौथी शिकलेलीच्या घरात पुणं आणून ठिवलं की तुमी."

सगळे हसले. मीही हसले. मालक बोलून विसरलेसुद्धा असतील. मी मात्र भाकरी थापताना तेच ऐकत होते.

मग शोभानं दुकानात ताकीद दिली, "दाजी, दुपारी मी बसले की कुणी फोन उचलायचा न्हाई. उचलला की लगेच तुटतंय."

"आन घरातला?"

"घरातला कोण उचलतंय? अक्का तर फोनला भेते."

खोटं नव्हतं ते. घंटी वाजली की मी परसात निघून जायची. परक्या माणसाचा आवाज थेट कानात — काय बोलावं सुचायचं नाही. फोनवर टाकायला भरतकामाचा रुमाल मी केला होता, धूळ मीच पुसायची, पण उचलला कधी नव्हता. ताकीद सगळ्यांना होती, मला नव्हती. मला सांगायचीसुद्धा गरज नव्हती. कशी लागली ती गोष्ट मला! आणि त्याच क्षणी मला कळलं, की मी उचलला तर माझ्यावर कुणाचा संशय जाणार नाही.

दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी शोभा माजघरात बसली, माझ्याकडं पाठ. शिट्टी झाली. मी पदराला हात पुसले, रुमाल बाजूला केला आणि फोन उचलला. कानात नुसता कर्कश आवाज. ठेवून दिला. भाकरी उलटायला लागतो तेवढा वेळ. माजघरातून तिचा आवाज आला, "तुटलं." तिनं परत लावलं. मी परत उचलला. असं तीन वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

शोभा काय काय करत होती म्हणून सांगू! डबीचा वेग कमी केला. तारा बदलल्या. डबीसोबतच्या पुस्तकातली एकेक खूण वहीत उतरवून, एकेक बदलून बघत होती. लाइनमन येऊन खांबापासून घरापर्यंत तपासून गेला. मी त्याला चहा केला. तो म्हणाला, "ताई, लाइन एक नंबर हाय. तुमच्या मशीनीतच कायतरी गडबड हाय." शोभानं मान हलवली. तिला ते पटलं होतं.

शनिवारी माझा उपास. उपासाच्या दिवशी पाप नको म्हणून मी फोन उचलला नाही — हसू नका, खरंच असं मनात आलं होतं. त्या दिवशी भाव बिनघोर गेले. आदल्या दिवशी तिनं कुठलीशी एक खूण बदलली होती, तिला वाटलं हेच ते. ती ओळ तिनं वहीत लाल शाईनं लिहिली, वर श्री काढला. मला दाखवायला आणली. मी म्हटलं, "छान झालं."

रविवारी मोंढा बंद. सोमवारी मी पुन्हा उचलला.

तिच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल. पाहिलं. लाल ओळीवर बोट ठेवून ती नुसती बसली होती. आणि मला — बरं वाटलं. दहा वर्षांची होते तेव्हापासून जे आत कोंबलेलं होतं, ते जरा सैल झाल्यासारखं. बहिणीचं तोंड पडलेलं बघून कुणाला बरं वाटतं का? मला वाटलं.

पंधरा दिवस भरायच्या आधीच कंपनीचा माणूस येऊन यंत्र घेऊन गेला. उन्हाळ्यात शोभाचं लग्न झालं, बोरीला. जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "अक्का, तुझ्यामुळं मी शिकले, आन मला साधी डबी लावता आली न्हाई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "असू दे. सगळ्यांला सगळं येतंय व्हय."

तिचा संसार बरा चालला आहे. पण कॉम्प्युटरला तिनं परत हात लावला नाही. तिची थोरली पोर आता सायन्सला आहे. मागं मी बोरीला गेले होते, तेव्हा ती पोर आईला छेडत होती, "आई, तू म्हणं कॉम्प्युटर शिकलेली हायस?"

शोभा शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकले व्हते. माझ्या डोक्यात शिरलं न्हाई ते. मावशीला इचार, तिच्याच घरी झालं."

पोर माझ्याकडं वळली. शोभाही बघायला लागली. ओसरीवर आम्ही तिघीच होतो. आता हेवा नव्हता, भीती नव्हती. कुणी मला काही केलं नसतं.

मी म्हटलं, "लय खटपट केली तिनं. पर न्हाई जमलं."