किल्ल्यातला बघण्याचा कार्यक्रम

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आमच्या घरी पोहे होते, साखर होती, नवी सतरंजी होती आणि मीही होते. फक्त पाणी नव्हतं.

दुष्काळाची दोन वर्षं सलग गेली होती. उदगीरच्या विहिरींनी कधीच तळ दाखवला होता आणि आमच्या किल्ला गल्लीत टँकर यायचा तो आपल्या मर्जीनं. सकाळी येणार म्हणून सांगितलेला टँकर ऊन चढलं तरी आला नव्हता. आणि बाराच्या गाडीनं येणारे पाहुणे दहाच्याच गाडीनं येऊन सतरंजीवर बसले होते!

पाहुणे लातूरचे. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. मुलगा नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत नवा कारकून. सोबत मुलाची आई (पुढं माझ्या सासूबाई. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो, म्हणून आतापासूनच तसं म्हणते) आणि मुलाचे मामा. या मामांना जिल्हा जणू स्वतःच्याच घरी झाला होता!

"आमच्या जिल्ह्यात आता कलेक्टर बसतो," मामा म्हणाले.

"उदगीर पण त्याच जिल्ह्यात हाय की, मामा," माझे वडील, म्हणजे अप्पा, नम्रपणे म्हणाले.

"हाव हाव, पर तुम्ही तालुका!"

तालुका तेवढ्यात स्वयंपाकघरात आला. तिथं आई (आम्ही तिला अव्वा म्हणतो) एका तपेलीकडं बघत उभी होती.

"एवढंच पाणी हाय. पाहुण्यांना पाय धुवायला देऊ का चहा करू?"

"दोन्ही कर," अप्पा म्हणाले.

"त्याच पाण्यानं?"

अप्पांचं मोंढ्यात आडतीचं दुकान. अडचणीत गिऱ्हाईक बोलण्यात कसं गुंतवायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक. ते बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणाले, "आमचा किल्ला बघितला का तुम्ही? न्हाई? अरेरे! चला, आधी किल्ला. चहा काय, होतच राहतोय." (अप्पांचा जन्म किल्ला गल्लीत गेला होता. दरवाजाच्या आत ते कधी गेले असतील, असं मला वाटत नाही.)

मी मनात म्हटलं, सुटले! तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "पोरीला पण घ्या संगं. घरात सतरंजीपासून दारापर्यंत चालवून काय कळतंय? किल्ल्यात चालू दे."

निघताना अव्वानं मला कोपऱ्यात घेतलं. "टँकर आल्याबिगर आणू नको त्यांना. कायबी सांग, कुठंबी फिरव, पर परत आणू नको!"

अशी मी, अव्वाची जाडजूड इरकल साडी नेसून, माझ्याच बघण्याच्या कार्यक्रमात वाटाड्या झाले.

आमचा किल्ला बालाघाटाच्या डोंगराच्या कडेला, सगळा काळ्या दगडाचा. हा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हारस, असं शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं. त्या दुपारी तो थंड झाल्याचं निदान तळपायांना तरी कळत नव्हतं. खंदक कोरडा, गवत जळालेलं, सावलीत शेळ्या. मामा प्रत्येक दगडापाशी थांबायचे आणि मला विचारायचे.

"हे काय हाय?"

"ही तोफेची जागा."

"आन् हे?"

मला काय ठाऊक! "ही... तोफेच्या विश्रांतीची जागा."

मामांनी मान डोलावली. माझी भीड चेपली. मग मी थांबते कुठली! पडक्या कोनाड्यात पोपट बसवले, मोडक्या जिन्यावर दासी उभ्या केल्या, आणि शेवटी एका मोठ्या हौदापाशी आणून सांगितलं, "इथं राणी रोज गुलाबपाण्यानं आंघोळ करायची."

"पर पाणी न्हाई की हौदात," मामा म्हणाले.

"राणी तरी कुठं हाय आता?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं. मी वळून बघितलं. मुलगा बोलला होता! सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य. मला हसू आलं, पण मुलीनं हसायचं नसतं म्हणून मी खोकले.

खोकल्यानं घशाची आठवण झाली. सगळ्यांचेच घसे सुकले होते. पाणी होतं ते फक्त आत्याबाईंच्या फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात. लातूरहून भरून आणलेला पितळी तांब्या, तोही काखेत धरलेला, जणू तान्हं लेकरू. त्यांनी स्वतःही त्यातला घोट घेतला नव्हता. परतीच्या वाटेला लागेल म्हणून राखून ठेवला होता.

तटावर वारा सुटला. आत्याबाईंचा पदर उडाला. पदर सावरायला म्हणून त्यांनी तांब्या भिंतीतल्या एका जंगीत टेकवला. जंगी म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेलं भोक. आतल्या बाजूनं खिडकीएवढं रुंद, बाहेर जाता जाता चिंचोळं आणि उतरतं. तांब्या गोल, उतार सरळ. गडगड आवाज करत तांब्या पार टोकाला!

"माझा तांब्या! माझं पाणी!"

मामांनी हात घातला. पोचेना. मुलानं खांदा घातला. बसेना. अप्पा म्हणाले, "जाऊ द्या, दुसरा देतो." आत्याबाई म्हणाल्या, "तांब्या द्याल हो, पाणी कुठलं देताव?"

आणि आता छाप पाडायची हीच वेळ, असं मला कुठून सुचलं कोण जाणे. "मी काढते," म्हणाले आणि डोक्यानं आत शिरले.

ते भोक शत्रू आत येऊ नये अशा बेतानं बांधलेलं होतं. माणूस बाहेर जाऊ नये अशाही बेतानं बांधलंय, हे मला तांब्या हाती लागल्यावर कळलं. इरकल साडीचा बोंगा कमरेशी गोळा झाला आणि बुचासारखा बसला. पुढं सरकता येईना, मागं सरकता येईना. डोकं, हात आणि तांब्या भिंतीत. पाय पाहुण्यांकडं.

तेवढ्यात समोरच्या फटीतून मला आमची गल्ली दिसली. आणि गल्लीच्या तोंडाशी, धूळ उडवत येणारा टँकर!

"टँकर आला!" मी जीव खाऊन ओरडले. मागं कुणालाही धड काही कळलं नाही. भिंत एवढी जाड की माझाच आवाज माझ्याच कानात परत आला. खाली घागरी घेऊन बाया धावल्या. अव्वा घरातून निघाली, पण तिच्या पुढं शेजारच्या शिवकांता मावशी घुसल्या! दोन घागरी, एक बादली आणि कोपरं दोन्ही बाजूंना! आता चहा गेला, पोहे गेले, अप्पांची अब्रू गेली.

"शिवकांता! ए शिवकांता! मागं सरक! शिवकांता, माझ्या अव्वाला जाऊ दे!" मावशी-बिवशी सगळं विसरून मी किंचाळत होते. आणखी काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मागं, हे मला नंतर कळलं, वेगळाच पेच पडला होता. ओढायचं कुणी?

"मामा, तुम्ही धरा पाय," अप्पा म्हणाले.

"छे छे, परक्याच्या पोरीचे पाय!"

मुलगा पुढं झाला. आत्याबाई कडाडल्या, "मागं हो तू! अजून पसंती झाली न्हाई!"

आणि मग त्यांनी स्वतःच पदर खोचला, माझे दोन्ही घोटे पकडले आणि ओढलं. लग्नात सुनेनं सासूच्या पायांना हात लावायचा असतो. माझ्या सासूबाईंनी लग्न ठरायच्या आधीच माझे पाय धरले!

बूच निघावं तशी मी बाहेर आले. केसांत जळमटं, गालाला कबुतरांची घाण, कपाळाचं कुंकू नाकावर. आत्याबाईंनी आधी माझ्या हातातला तांब्या घेतला, कानाशी धरून हलवला. पाणी वाजलं. फिरकी घट्ट होती, थेंब सांडला नव्हता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. तांब्या उघडला आणि माझ्या पुढं केला.

"आधी तू पी."

मी प्याले. पदरानं माझं तोंड पुसता पुसता त्यांनी विचारलं, "आत काय म्हणत होतीस गं? आम्हाला नुसतं शिव शिव ऐकू येत होतं."

मी तोंड उघडलं. अप्पा माझ्या आधी बोलले. लेकीचा आवाज त्यांना ओळखू येत होता आणि शेजारणीचं नावही. "सवय हाय तिला," ते घाईघाईनं म्हणाले. "अडचण आली की देवाचं नाव. लहानपणापासून!"

"कलियुगात अशी पोर!" आत्याबाईंचे डोळे भरून आले.

आम्ही घरी आलो तर अंगणात पाच भरलेल्या घागरी. पायांना पाणी, प्यायला पाणी, चहा दोनदा. मी अव्वाला हळूच विचारलं, "एवढं कसं मिळालं?"

"अगं, शिवकांताबाईंनी आणलं. पाहुणे येणार म्हणून त्या माझ्यासाठीच पुढं घुसल्या. आपल्या दोन्ही घागरी इथंच ओतल्या त्यांनी."

दारात मावशी उभ्या होत्या, पदरानं घाम पुसत. "पसंत पडली का गं आमची पोर?" त्यांनी अव्वाला विचारलं. मला तोंड कुठं लपवावं कळेना. पुन्हा त्या जंगीत जाऊन बसावंसं वाटलं.

पसंती तिथल्या तिथंच झाली. पावसाळा बरा झाला आणि त्याच साली मी लातूरला आले. यांना मी खरं काय ते लग्नानंतर लगेच सांगून टाकलं. हे इतके हसले की शेजारचे चौकशीला आले. पण आत्याबाईंना सांगायची आम्हा दोघांची कधी छाती झाली नाही. त्या येईल त्या पाहुण्याला कौतुकानं सांगतात, "आमची सून भिंतीत अडकली तरी शिवाचं नाव घेत होती." एवढ्या भक्त सुनेला सोमवार धरल्यावाचून कसं चालेल? मी धरला. आजतागायत धरते आहे. आणि दर सोमवारी मी भगरीचा पहिला घास उचलताना आत्याबाई म्हणतात, "घे, नाव घे," तेव्हा मी डोळे मिटून मनोभावे शिव म्हणते, आणि पुढचं कांता कसंबसं गिळते.