वरीलप्रमाणे

ठाण्यात कोपरीला आमच्या वकीलबाईंचं ऑफिस एका इस्त्रीच्या दुकानावर आहे. पाणी शिंपडलेल्या गरम कापडाचा वास त्या जिन्यात कायम असतो. त्या दिवशी त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

अक्षर माझं होतं.

डोंबिवलीतल्या एका नर्सिंग होमविरुद्ध आम्ही ठाण्याच्या ग्राहक आयोगात तक्रार केली होती. तक्रार माझ्या आजोबांची. त्यांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या वतीने आईने केलेली. लकव्यानंतर अडीच महिने ते तिथे होते आणि बाहेर आले ते कमरेखाली सडलेली जखम घेऊन. आमचं म्हणणं साधं होतं: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, आणि तिथे त्यांना कुणी वळवलं नाही. त्यावर त्यांनी लेखी जबाब दिला आणि सोबत भेटीच्या रजिस्टरची पानं जोडली. चार रकाने. तारीख, बेड नंबर, रुग्णाची स्थिती, नातेवाइकाची सही. बेड नंबर सातसमोर, नऊ रविवार, तिसऱ्या रकान्यात एकच शब्द: वरीलप्रमाणे. पुढे माझी सही.

"आता वर काय आहे तेही बघा," वकीलबाई म्हणाल्या.

वर माझ्या आधी येऊन गेलेल्या नातेवाइकाचं वरीलप्रमाणे. त्याच्यावरही वरीलप्रमाणे. असं चढत चढत पानाच्या डोक्यावर गेलं की तिथे रिसेप्शनवरच्या बाईंच्या गोल अक्षरात लिहिलेलं: समाधानकारक. प्रत्येक पानावर तसंच. पहिली ओळ त्या स्वतः लिहून ठेवायच्या, बाकी आम्ही.

"अक्षर छान आहे हो तुमचं," वकीलबाई म्हणाल्या. "इतकं सुवाच्य खोटं फार दिवसांनी वाचलं."

आई शेजारच्या खुर्चीवर होती. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते पान पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी ज्या घरात वाढले तिथे वाचल्याशिवाय सही करणं हे चोरीच्या खालोखाल पाप होतं. आजोबा, म्हणजे आमचे अप्पा, आंबिवलीजवळच्या एका कारखान्यात कामगार होते आणि युनियनची सगळी पत्रकं तेच लिहायचे. प्रूफ आलं की मला समोर बसवायचे. मी आठ वर्षांची असेन. शब्दाखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायचं, एक वेलांटी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून. 'वगैरे' हा शब्द त्यांना चालायचा नाही. "वगैरे म्हणजे लिहिणारा पळाला," म्हणायचे. मी गोष्टीची पुस्तकं नंतर वाचली, पत्रकं आधी. आता मीही लिहिते, मीही वाटते.

आणि तेच लाजिरवाणं आहे. त्या नऊ रविवारी मी पत्रकं वाटून थेट नर्सिंग होममध्ये जात होते. विषय होता सरकारी दवाखान्यातले रुग्णांचे हक्क. झोळीत उरलेली पत्रकं तशीच. चार ते पाच भेटीची वेळ, एका पेशंटमागे एकच नातेवाईक, तोही फक्त रविवारी. आई मॉलमधल्या दुकानात उभी असते, तिची सुटी बुधवारी. म्हणून मीच जायचे. घरी आल्यावर आई विचारायची, "कसे आहेत गं?" मी म्हणायचे, "ठीक आहेत." प्रत्येक रविवारी तेच. ते रजिस्टरात नव्हतं, एवढाच फरक.

अप्पांचा डावा हात तेवढा हलायचा. मी जाऊन बसले की ते त्या हाताने अंगावरच्या चादरीची कड धरायचे आणि ओढायचे. थोडी खाली, पुन्हा थोडी खाली. मला वाटायचं त्यांना थंडी वाजतेय, हाताला नीट जमत नाहीये. मी चादर छातीपर्यंत वर घ्यायचे, दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचायचे. "झोपा अप्पा." ते माझ्याकडे बघत राहायचे. सातव्या-आठव्या रविवारपासून वॉर्डात उदबत्ती लावलेली असायची. मला वाटलं, बरं आहे, प्रसन्न ठेवतात.

दहाव्या रविवारी लाइट गेलेली. पंखा बंद. घामाने त्यांचं कपाळ भिजलेलं, म्हणून मी चादर पूर्ण बाजूला केली आणि पाठीखालचा कपडा ओला झालाय का बघायला त्यांना कुशीवर केलं.

पाठ संपते तिथे माझा तळहात मावेल एवढा खड्डा होता. काळ्या कडा, आणि मध्ये काहीतरी पांढरं. मला वाटलं ड्रेसिंग करताना कापूस राहिलाय. मी तो काढायला बोट नेलं आणि थांबले. तो कापूस नव्हता. ते हाड होतं.

मी ओरडले की नाही मला आठवत नाही. सिस्टर आल्या एवढं आठवतं. त्या म्हणाल्या, "अहो, या वयात होतं असं. तुम्ही हलवलंत कशाला त्यांना?"

हलवलंत कशाला! अजून कधी भांडी घासताना ते वाक्य आठवतं आणि माझे हात थांबतात.

त्याच संध्याकाळी त्यांना ॲम्ब्युलन्सने ठाण्याच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी जखम बघितली आणि मला विचारलं, "किती आठवडे वळवलं नाही यांना?" मला तारीख सांगता आली नाही. दोन ऑपरेशनं झाली. अप्पा वाचले. आता घरी आहेत आणि आम्ही मायलेकी पाळीने त्यांना वळवतो.

तर त्या दिवशी ऑफिसातून खाली उतरताना जिन्यातच आई पहिल्यांदा बोलली. "शपथपत्रात लिहून टाक, कोऱ्या रकान्यावर सही घेतली म्हणून. शब्द त्यांनी मागाहून घातला म्हण."

"अक्षर माझं आहे आई."

"अक्षर काय, कुणाचंही कुणासारखं असतं. अप्पांची केस आहे ही. तुझी नाही."

"अप्पांच्या केसमध्ये मी खोटं नाही लिहिणार."

"हो का? मग लोणचं घाल त्या तत्त्वांचं," आई म्हणाली. "तत्त्वं होती तर तेव्हा चादर उचलायची होतीस."

इस्त्रीवाला वर बघायला लागला. तिचं बरोबर होतं.

मी शपथपत्राचा मसुदा स्वतः लिहिला. 'नऊ भेटींत मी चादर उचलून पाहिले नाही. रकान्यात वरीलप्रमाणे हा शब्द मीच लिहिला. वर काय लिहिले आहे ते वाचले नाही.' वकीलबाईंनी ते दोनदा वाचलं. म्हणाल्या, "सामनेवाले यावरून तुम्हाला उभं आडवं सोलतील, तयारी ठेवा." मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, "सोलू दे. नातीने बघितलं नाही म्हणून नर्सने वळवायचं नाही, असं कुठे लिहिलंय ते त्यांनी दाखवावं मग." तक्रार टिकेल की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

झेरॉक्स घरी आणल्या होत्या. दुपारी अप्पांच्या कॉटशेजारी बसून मी त्या शब्दाखाली बोट ठेवून वाचायला घेतल्या, मोठ्याने, जसं त्यांना चालायचं तसं. त्यांना ऐकू नीट येतं. पहिला रविवार, बेड सात, वरीलप्रमाणे. दुसरा रविवार, बेड सात, वरीलप्रमाणे. नववा झाला. दहाव्याला माझी नोंदच नव्हती. शेवटचं पान मी उलटलं ते नुसतं संपवायचं म्हणून. झेरॉक्स काढणाऱ्याने घाईत पुढचं एक पानही काढलं होतं.

अकरावा रविवार. बेड सात. वरीलप्रमाणे.

मी दोनदा वाचलं. तारीख बघितली. तेव्हा अप्पा ठाण्याला होते. सही माझी नव्हती, कुणा दुसऱ्याचीच, कानामात्रा जपून केलेली. बाराव्या रविवारीही तीच सही, तोच शब्द.

बेड भरला होता. साहजिक होतं, बेड रिकामा कोण ठेवतो? पण मला ते सुचलंच नव्हतं. आमच्या तक्रारीत, माझ्या शपथपत्रात, माझ्या रात्रंदिवसच्या संतापात त्या गादीवर नेहमी अप्पाच होते. त्या गादीवर दुसरा माणूस झोपलाय आणि त्याच्याही अंगावर कुणीतरी चादर नीट खोचतंय, हे मला एका चुकून काढलेल्या झेरॉक्सने सांगितलं.

माझं वाचणं थांबलं तसं अप्पांनी डोळे उघडले. डाव्या हाताने त्यांनी चादरीची कड धरली आणि ओढली. थोडी खाली.

"कळलं," मी म्हटलं.

वकीलबाईंना फोन केला. त्या भडकल्या. "तिकडे फिरकायचं नाही. पत्रक तर अजिबात नाही. उद्या म्हणतील बदनामी केली, पेशंट फोडले, स्टाफला धमकावलं. तुमच्या आजोबांची केस तुमच्याच हाताने बुडवाल." आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. मग म्हणाली, "आता त्या बेडवर जो असेल त्याच्या घरचेही रविवारीच येत असतील ना?"

रविवारी चारला मी त्या इमारतीच्या जिन्याखाली उभी होते. झोळी घरी ठेवलेली. हातात कागद नाही. जो वर जाईल त्याला मी फक्त विचारत होते, "बेड सात?" तिसरी बाई थांबली. चाळिशीची, हातात डबा.

"सासरे आहेत माझे. का?"

"वर गेल्यावर चादर काढा, कुशीवर वळवा आणि पाठ बघा. मग सही करा."

तिने मला खालून वर न्याहाळलं. "दुसऱ्या हॉस्पिटलची एजंट आहेस का गं तू? मला कार्डबिर्ड नको."

"नाही. तुमच्या आधी त्या बेडवर माझे आजोबा होते."

"मग? बरे झाले ना?"

मी तिला सांगितलं. चार वाक्यांत. कापसाचंही सांगितलं. तिने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि वर गेली. मला वाटलं, संपलं. तिने वेडी समजलं असेल.

दहा मिनिटांनी वरच्या गॅलरीतून हाक आली. "अगं ए, वर ये. मला एकटीला वळवत नाहीत."

रिसेप्शनवरच्या बाईंनी मला ओळखलं असावं. "पेशंटमागे एकच नातेवाईक," त्या म्हणाल्या.

"बहीण आहे माझी," ती बाई आतून म्हणाली.

शपथपत्रात खोटं लिहायला नकार देऊन मला आठवडाही झाला नव्हता. मी मान हलवली आणि आत गेले.

तोच बेड. तीच उदबत्ती. "एक हात खांद्याखाली, एक कमरेला," मी तिला म्हटलं. "तीन म्हटलं की तुमच्याकडे." म्हातारबुवा हलके होते. पाठीच्या शेवटी दोन बोटं रुंद लाल चट्टा होता. मी त्यावर बोट दाबलं आणि उचललं. जागा पांढरी झाली, मग पुन्हा लाल. ठाण्याच्या डॉक्टरांनी मला हे शिकवलं होतं: पांढरं होतंय तोवर वेळ गेलेली नाही. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अजून फुटलं नाहीये," मी म्हटलं.

तिने त्यांना तसंच कुशीवर ठेवलं, पाठीला उशी लावली आणि सरळ बाहेर रजिस्टरपाशी गेली. पेन घेतलं. रकाना दीड बोटाचा. ती लिहायला लागली तशा रिसेप्शनवरच्या बाई पुढे झाल्या. "अहो, एवढं नाही लिहायचं तिथे. वरीलप्रमाणे लिहा."

"वर माझे सासरे कुठायत?" ती म्हणाली, आणि रकाना ओलांडून सहीच्या जागेपर्यंत लिहीत गेली.